माल उतरवत होतो, मग मेमो कसा?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका दुकानदार वाचकांचं पत्र आलंय. भाजणी, मेतकूट, कुरडया, लोणची असा आपल्याकडच्या मालाचा त्यांचा धंदा आहे. गणपतीच्या आधी माल आला, तेव्हा ड्रायव्हरनं त्यांचा छोटा टेम्पो दुकानासमोर डावी दोन चाकं फुटपाथवर चढवून उभा केला, क्रेट उतरवले आणि गाडी घेऊन गेला. साडेतीन महिन्यांनी फिटनेसच्या कामाला गेल्यावर कळलं, की त्या दिवसाचा ५०० रुपयांचा ई-मेमो, म्हणजे ई-चलान, गाडीवर बोलतोय आणि प्रकरण व्हर्च्युअल कोर्टात, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या कोर्टात गेलंय. त्यांचा प्रश्न असा: "पार्किंग केलंच नव्हतं, माल उतरवत होतो. आता दंड भरून मोकळा होतो आणि मग अपील करतो. चालेल ना?"

नाही, चालणार नाही. वकील म्हणून याच अर्थाची पत्रं मला दर महिन्याला येतात आणि त्यातली निम्मी दंड भरून झाल्यावर येतात, म्हणून हे आधी सांगते. मेमो हा निकाल नसतो, तो आरोप असतो. आरोपावर अपील होत नाही, आरोपाला उत्तर द्यायचं असतं. व्हर्च्युअल कोर्टाच्या पानावर तुमच्या गाडीचा नंबर घातला की दोन पर्याय दिसतील: दंड भरायचा आहे, किंवा खटला लढवायचा आहे. पहिला निवडून पैसे भरलेत की तुम्ही गुन्हा कबूल केला. कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१६ प्रमाणे अपील नाही. शिक्षा जास्त झाली किंवा कायद्यात न बसणारी झाली एवढंच काय ते म्हणता येतं. पहिल्या गुन्ह्याला ५०० हा कायद्यातच लिहिलेला आकडा आहे, तेव्हा तेही दार बंद. म्हणून हे पत्र वाचून होईपर्यंत मोबाईल बाजूला ठेवा.

आता मूळ मुद्दा. तुम्ही मेमोचे फोटो पाठवलेत, रक्कम पाठवलीत, पण कुठलं कलम लावलंय याचा पत्रात उल्लेख नाही. मी मेमो उघडून पाहिला. मोटार वाहन कायदा, कलम १२२, सोबत १७७. तुमचं सगळं प्रकरण या १२२ मध्ये आहे आणि तेच तुम्ही वाचलेलं नाही.

तुमचा भर "पार्किंग नव्हतं" यावर आहे. पण कलम १२२ मध्ये बंदी पार्किंगला नाही, थांबण्याला आहे. ते म्हणतं, की वाहन ज्याच्या ताब्यात आहे त्यानं ते सार्वजनिक जागी अशा रीतीनं सोडू नये किंवा थांबवून ठेवू नये, की जेणेकरून त्या जागेचा वापर करणाऱ्या इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल किंवा होण्याचा संभव असेल. ड्रायव्हर आत बसलेला होता का, इंजिन चालू होतं का, माल चढत होता की उतरत होता, यातलं काहीच कलम विचारत नाही. अडथळा झाला का किंवा होण्यासारखा होता का, एवढं एकच विचारतं.

"माल उतरवणं म्हणजे पार्किंग नव्हे" हे तुम्ही कुठून ऐकलंत याचा मला अंदाज आहे. बाजारात सगळेच तसं बोलतात आणि त्याला आधारही आहे, फक्त तो दुसरीकडे आहे. वाहन चालवण्यासंबंधी २०१७ ची जी केंद्राची नियमावली आहे, तिच्यात 'पार्क करणं' याची व्याख्या दिलेली आहे. माणसं किंवा माल लगेच चढवण्या-उतरवण्यासाठी थांबणं त्या व्याख्येतून वगळलंय. पण तीच व्याख्या पुढे म्हणते, की तीन मिनिटांहून जास्त थांबलात तर ते पार्किंगच. तुमच्या मेमोवर कॅमेऱ्याचे दोन फोटो आहेत. पहिल्यावर वेळ ११:४२, दुसऱ्यावर ११:५१. नऊ मिनिटं. म्हणजे मेमो त्या नियमावलीखाली फाडला असता तरी सवलत तुमच्या हातातून निसटलेली होती. शिवाय फुटपाथवर चाक चढवणं हा वेगळाच विषय. गणवेशातल्या पोलिसाच्या परवानगीशिवाय तिथे गाडी न्यायचीच नाही. तो मुद्दा तुमच्या मेमोत नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

मग अडथळा झाला का? तुम्ही लिहिता, "टेम्पो अर्धाच वर होता, दुकानापर्यंत चालायला तीन फूट जागा होती." मी दुसरा फोटो मोठा करून नीट पाहिला. तीन फूट जागा आहे खरी. पण त्या जागेत तुमचे निळे क्रेट एकावर एक रचलेले आहेत, शटरपासून टेम्पोच्या फाळक्यापर्यंत. टेम्पोच्या मागच्या चाकाजवळ एक आजोबा आहेत. त्यांचा एक पाय अजून फुटपाथच्या कडेवर आहे, दुसरा खाली डांबरावर, आणि काठी हवेत. त्यांच्या पाठीशी एक रिक्षा येते आहे. हाच फोटो कोर्टात लावला जाणार. यावर तुमच्या बाजूनं मी काय बोलायचं, हे मला खरोखर सुचत नाही.

आणि हे केवळ पाचशे रुपयांपुरतं मी बोलत नाही. मी रोज त्याच भागातून जाते. लहरीपुऱ्यापासून रावपुऱ्यापर्यंत कुठलाही फुटपाथ घ्या, माणूस सलग शंभर पावलं चालू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १४ मे २०२५ च्या आदेशात मोकळा, वापरता येण्याजोगा फुटपाथ हा पादचाऱ्यांचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये येतो असं म्हटलं आणि राज्यांना त्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितलं. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी पट्टी धरलेली आहे, म्हणजे जवळपास सहा फूट. तुमचे तीन फूट क्रेटशिवायही पुरले नसते. "सगळेच तर लावतात" हा बचाव पूर्वीही चालत नव्हता, पण पूर्वी दंडाधिकारी निदान ऐकून घ्यायचे. आता ऐकून घेतील असं मला वाटत नाही.

बाकीच्या मुद्द्यांकडे थोडक्यात येते. यातल्या कशाचीच मी खात्री देणार नाही.

ड्रायव्हर: कलम १२२ 'ज्याच्या ताब्यात वाहन' त्याच्याबद्दल आहे. त्या वेळी गाडी ड्रायव्हरच्या ताब्यात होती, तेव्हा कलम १३३ प्रमाणे त्याचं नाव-पत्ता कळवून आपण बाजूला व्हायचं, असा मार्ग कागदावर दिसतो. तो तुम्ही घेऊ नका. त्या मुलानं गाडी तुमच्या सांगण्यावरून तिथे लावली, क्रेट तुमच्या माणसांनी रचले. पाचशे रुपयांसाठी त्याच्या नावावर गुन्हा लागावा हे बरोबर नाही.

पुरावा: कॅमेऱ्याच्या ई-मेमोसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आहे. गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवायची, सोबत फोटो, वेळ, जागा, कलम आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. हे प्रमाणपत्र आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे द्यायचं असतं. लढायचं ठरलं तर मी पहिल्याच तारखेला ते मागेन. कधी कधी ते नसतं आणि प्रकरण तिथेच लंगडं पडतं. पण पुढच्या तारखेला ते आणून जोडलं तर? कोर्ट ते घेईलही. नुसत्या या आशेवर खटला उभा करू नये.

मुदत: "सहा महिने झाले की मेमो मेला" असं तुमच्या शेजारच्या दुकानदारांनी सांगितलं म्हणे. फक्त दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला सहा महिन्यांची मर्यादा आहे, हे खरं. संहितेचं कलम ५१४. पण ती मर्यादा प्रकरण कोर्टाकडे कधी गेलं यावर मोजली जाते, तुम्हाला कधी कळलं यावर नाही. तुमचं प्रकरण साडेतीन महिन्यांच्या आत तिथे पोचलेलं आहे. हा मुद्दा तुमच्यासाठी नाही.

आणि नोटीस. इथे मला तुमचा राग आला, तो लपवत नाही. मेमोवर घटनेच्या तिसऱ्या दिवसाची तारीख आहे. मेसेज गेला तो तुमच्या थोरल्या भावाच्या नंबरवर, जो दोन वर्षांपूर्वी बंद झालाय. आरसी बुकावरचा पत्ता अजून रावपुऱ्याचा आहे आणि तुम्ही राहता मांजलपूरला. राहण्याचा किंवा धंद्याचा पत्ता बदलला की ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, असं कलम ४९ सांगतं. दोन वर्षांत तुम्हाला ती तीस दिवसांची सवड मिळाली नाही. आता "मला नोटीसच मिळाली नाही" हे तुम्ही कोर्टात म्हणालात, तर पहिला प्रश्न येईल की मिळणार कशी? वेळेवर मेसेज पाहिला असतात तर हे वाहतूक शाखेच्या काउंटरवर किंवा ऑनलाइन दहा मिनिटांत मिटलं असतं आणि टेम्पोचं फिटनेस अडकलं नसतं.

तरीही लढायचंच असेल तर काय होईल तेही ऐका. 'खटला लढवायचा' निवडलंत की प्रकरण व्हर्च्युअल कोर्टातून इथल्या दंडाधिकाऱ्यांकडे येईल. तुम्ही पत्रात लिहिलंय, "न्यायमंदिरात कधी येऊ?" सूरसागरासमोरच्या त्या इमारतीतून कोर्ट २०१८ मध्येच दिवाळीपुऱ्याला गेलं, गावातली जुनी माणसं अजून न्यायमंदिरच म्हणतात. तिथे असे खटले संक्षिप्त पद्धतीनं, म्हणजे एका बैठकीत संपावेत अशी कायद्याची अपेक्षा. माझ्या एका अशिलाला अशाच मेमोसाठी पाच तारखा पडल्या. एकदा कागद आले नव्हते, एकदा साक्षीला बोलावलेला पोलीस बंदोबस्तात होता, दोनदा आमचा नंबरच लागला नाही. ते निर्दोष सुटले, कारण फोटोत फक्त नंबरप्लेट होती, चाकं कुठे होती ते दिसतच नव्हतं. पण पाच दिवस त्यांचं दुकान बंद राहिलं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी माणसाला पाच वेळा बोलावणं हा अन्यायच आहे आणि मी ते न्यायाधीशांसमोरही बोलले आहे. तुमचा फोटो त्यांच्यासारखा असता, तर मी स्वतः तुम्हाला लढा म्हणाले असते.

तो तसा नाही. म्हणून माझा सल्ला: दंड भरा. अपिलाचा विचार मनात न ठेवता भरा, पावती डाउनलोड करून छापून घ्या आणि दोन-चार दिवसांनी गाडीच्या नोंदीत मेमो निकाली दिसतोय ना ते तपासा. पैसे गेले पण नोंद तशीच राहिली, असं होतं. तेव्हा पावतीच कामाला येते. त्यानंतरच फिटनेसला जा. मोबाईल नंबर आणि पत्ता मात्र आजच बदलायला टाका. कारण पुढचा मेमो पहिल्या गुन्ह्याच्या दरानं येणार नाही. कलम १७७ मध्ये दुसऱ्या गुन्ह्याला दंड १५०० पर्यंत जातो. तुमच्याकडे आठवड्याला दोनदा माल येतो, हे तुम्हीच लिहिलंय.

तेव्हा पुढच्या मालाची सोय हाच तुमचा खरा प्रश्न आहे. वाहनं कुठे आणि किती वेळ थांबू शकतात हे ठरवण्याचा अधिकार कलम ११७ खाली आहे आणि तो स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वापरायचा असतो. तुमच्या ओळीत वीसेक दुकानं असतील. सगळ्यांच्या सह्यांचा एक अर्ज करा: सकाळी बाजार उघडायच्या आधी अमुक एक तास, अमुक जागी, रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर चाक न चढवता माल उतरवायला जागा आखून द्यावी. एक प्रत वाहतूक पोलिसांना, एक महानगरपालिकेला. सोबत जागेचा हातानं काढलेला नकाशा जोडा, रस्त्याची आणि फुटपाथची रुंदी टेपनं मोजून त्यावर लिहा. मंजुरी मिळेलच असं मी म्हणत नाही. जड वाहनांच्या वेळांबद्दल पोलीस आयुक्तांचे जाहीरनामे निघत असतात, अर्ज त्यांच्याशी जुळतोय ना ते आधी पाहावं लागेल. तो मसुदा मी तपासून देईन, त्याचे पैसे नकोत.

मंजुरी येईपर्यंत टेम्पो दूर, रुंद जागी थांबवा आणि क्रेट हातगाडीवरून आणा. आणलेले क्रेट थेट दुकानात घ्या, बाहेर रचू नका. उत्तरायणाचा तीळ-गुळाचा माल यायला आता फार दिवस नाहीत, तेव्हा अर्ज याच आठवड्यात द्या आणि दोन्ही ठिकाणी तारखेचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.