अट वाच

तुझं सात पानी पत्र मिळालं. राज्यसंस्था भांडवलदारांचीच असेल, तर पेन्शन वाचवायच्या मोर्चात आपण कशाला जायचं, हा तुझा सवाल. सत्तेच्या खुर्च्यांवर कोणत्या वर्गातली माणसं आहेत ते बघा, असं मार्क्सवादी अभ्यासक मिलिबँड १९६९ मध्ये सांगत होते. माणसं बदलली तरी राज्याचं काम बदलत नाही, असं त्यांच्याशी वाद घालणाऱ्या पुलांत्झास या दुसऱ्या मार्क्सवाद्याचं म्हणणं. या वादात मीही दोन वर्षं घालवली. हाती एक जाडजूड वही उरली.

बाबा रे, आधी योजनेतली अट वाच.

जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क याने १८८३ मध्ये आजारपणाचा विमा आणला, तेव्हा त्याचा १८७८ चा समाजवादीविरोधी कायदा लागूच होता. १८८९ मध्ये वार्धक्याचं पेन्शन आलं. वयाची अट सत्तर! इंग्लंडच्या १८३४ च्या गरीब कायद्याचं तर तत्त्वच होतं, की वर्कहाउसमधल्या, म्हणजे गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवायच्या सरकारी आश्रयगृहातल्या, माणसाची अवस्था बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराहून वाईट असावी. म्हणजे मदत मागायला आलेला मिळेल त्या मजुरीवर परत कामाला जातो. भांडवलसंचय (नफा वाढत राहील हे बघणं) आणि अधिमान्यता (लोकांना राज्य आपलं, न्याय्य वाटत राहील हे बघणं) ही राज्याची दोन कामं ओ'कॉनर या मार्क्सवादी अर्थतज्ज्ञाने १९७३ मध्ये मांडली. ती दोन्ही एकमेकांशी झोंबताना बघायची तर अटीत बघ.

मला हे उशिरा कळलं. अभ्यासवर्गाबाहेर एक बाई पेन्शनचा अर्ज घेऊन थांबली होती. कल्याणकारी राज्य म्हणजे क्रांती टाळायला दिलेली लाच, हे मी तिला दहा मिनिटं ऐकवलं. ती मान डोलावत राहिली. अर्जात रकाना होता, 'कमावता मुलगा आहे काय?' तिने 'होय' लिहिलं. मुलगा कधीच घर सोडून गेलेला. अर्ज नामंजूर. मी तो रकाना वाचलाच नव्हता.

तरी माझं अगदीच चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. लाच होतीच. पण लाच देणारा कुणाला तरी भ्यालेला असतो, हे मला तेव्हा सुचलं नाही. दहा तासांच्या कामाचा १८४७ चा कायदा मालकांच्याच संसदेने केला, आणि १८६४ मध्ये मार्क्सने त्याला तत्त्वाचा विजय म्हटलं. तू काय मार्क्सहून कडवा निघालास?

मोर्चाला जा. पुढच्या पत्रात पुलांत्झास नको. मोर्चा ज्या विधेयकावरून आहे, त्यातली पात्रतेची कलमं उतरवून पाठव, तळटीपांसकट.