आधी कण, मग इम्पॅक्ट

अगं, तुझा मेल वाचला, दोनदा वाचला. बरोबरच्यांचे पेपर धडाधड येतायत, सायटेशन, म्हणजे इतरांनी त्यांच्या पेपरचे दिलेले संदर्भ, वाढतायत आणि तू अजून मायक्रोस्कोपखाली अवकाशातून आलेली धूळ निवडत बसलीयेस, मग फॉर्ममधल्या इम्पॅक्टच्या, म्हणजे कामाचा प्रभाव सांगायच्या रकान्यात लिहायचं काय? मेहनत कर वगैरे सांगणार नाही, ती तू करतेसच. माझं एकच म्हणणं आहे आणि ते तुझे कान किटेपर्यंत सांगणार. आधी कण. बाकी सगळं नंतर.

अवकाशातली धूळ गोळा करणाऱ्या डोनाल्ड ब्राउनली या शास्त्रज्ञाचं काम बघ. 1970 च्या दशकात आधी बलून, मग खूप उंचावरून उडणारी यू-2 विमानं, 20 किलोमीटरच्या आसपास उंची आणि सिलिकॉन ऑइल लावलेल्या प्लेट्स, त्यावर चिकटेल ते खरं. त्यातली ज्वालामुखीची राख किती, रॉकेटच्या धुरातले ॲल्युमिनियम ऑक्साइडचे गोळे किती आणि अवकाशातलं किती, हे निवडतानाच जीव मेटाकुटीला येतो, तुला वेगळं सांगायला नको. साधारण 10 मायक्रॉनचा काळा सच्छिद्र कण, द्राक्षाच्या घडासारखा, हेक्झेनने तेल धुवायचं, सुईच्या टोकावर उचलायचा, स्टॅटिक विजेने उडाला की गेला. पण दिसण्यावर कोण विश्वास ठेवतं? मूलद्रव्यांचं प्रमाण कॉन्ड्राइट या आदिम दगडी उल्कांशी जुळलं, आत सौरवाऱ्यातला, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर पडणाऱ्या कणांच्या झोतातला हेलियम सापडला, तेव्हा लोकांना पटलं की हा माल बाहेरचाच आहे. आज त्यांना ब्राउनली पार्टिकल म्हणतात. आता सांग, हे सायटेशन मोजणाऱ्या कुठल्या इंडेक्समध्ये बसवशील?

आणि 1981 पासून नासाच्या जॉन्सन सेंटरमध्ये असे कण गोळा करून, कॅटलॉग करून, मागेल त्या संशोधकाला दिले जातात, किती जणांची करिअर त्यावर उभी राहिली असतील विचार कर. कण नीट ठेवणं हे कारकुनी काम नाही गं, तेच संशोधन आहे.

कण न बघता गणिती मॉडेल करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पण नासाच्या स्टारडस्ट यानाचं काय झालं बघ. 2004 च्या जानेवारीत ते यान विल्ट-2 धूमकेतूजवळून गेलं, सेकंदाला 6 किलोमीटरच्या वेगाने येणारी धूळ एरोजेल या अतिशय हलक्या, सच्छिद्र पदार्थात धरली, 2006 मध्ये कॅप्सूल युटाच्या वाळवंटात उतरली. धूमकेतूत सूर्याच्याही आधीच्या ताऱ्यांची धूळ भरलेली असणार अशी टीमचीसुद्धा अपेक्षा होती, आणि निघालं काय तर सूर्याजवळच्या प्रचंड उष्णतेत तयार झालेली खनिजं! म्हणजे सौरमालेच्या सुरुवातीला आतलं मटेरियल पार बाहेरपर्यंत गेलं होतं. हे बहुतेकांनी गृहीत धरलं नव्हतं, कणाने सांगितलं. सगळं मिळून मिलिग्रॅमभरही माल नसेल, पण 2009 मध्ये त्याच सॅम्पलमधलं ग्लायसिन हे अमिनो आम्ल धूमकेतूचंच असल्याचं कळलं, कारण कोणीतरी ते जपून ठेवलं होतं. म्हणून म्हणतो, आधी कण.

थोडा रागही आलाय तुझा. 'नुसतं मोजमाप' असं लिहिलंयस तू. ब्राउनली आणि स्टॅनली लव्ह यांनी जवळजवळ 6 वर्षं कक्षेत राहिलेल्या एका उपग्रहाच्या ॲल्युमिनियमवरचे बारीक बारीक खड्डेच मोजले होते, त्यातून 1993 मध्ये पृथ्वीवर वर्षाला अंदाजे 40,000 टन धूळ येते हा आकडा निघाला आणि तो अजून चर्चेत असतो. नुसतं मोजमाप म्हणे!

मलाही लोक स्टोअरकीपर म्हणाले, कमिटीत विचारलं गेलं की तुमचं स्वतःचं काय. मी म्हटलं माझ्या स्लाइड्स मागवून बघा, लेबल वाचा, कण कुठून आला, कोणत्या तेलात होता, कोणी हात लावला, सगळं आहे. त्यांना पटलं नाही, मी बदललो नाही, आणि आजही बदलणार नाही. खंत एकच, माझ्याकडची काही हुशार मुलं याच प्रश्नावर कंटाळून विषय सोडून गेली, त्यांना मी हे समजावू शकलो नाही. तुझ्याबाबतीत तसं होऊ देणार नाही, म्हणून हे एवढं लांबलचक.

तर रकान्यात लिही, कोणते कण वेगळे केलेस, दूषित कोणते आणि ते कसं ओळखलंस, कोणत्या लॅबने मागितले, त्यांना त्यातून काय मिळालं. सायटेशन शेवटी एका ओळीत टाक, लपवायचं काही कारण नाही. मागच्या वेळी तू पाठवलेल्या फोटोतल्या त्या काळ्या कणाचं स्पेक्ट्रम अजून आलेलं नाही, ते आधी कर. ड्राफ्ट रविवारपर्यंत पाठव, मी खोडाखोड करणार आहे, रागवायचं नाही.