तीन कोटेशन आणि एक सही

प्रश्न : काका, सप्रेम सलाम. मी ऐरोलीला राहतो, रबाळे एमआयडीसीत एका कंपनीत परचेसला आहे, सात वर्षं झाली. मोठी खरेदी असली की आमच्याकडे तीन पार्ट्यांची कोटेशन लागतात, पण साहेबांची पार्टी ठरलेली आहे आणि तीच तीन वेगवेगळ्या लेटरहेडवर कोटेशन पाठवते, तिन्हीत स्पेलिंगची चूकसुद्धा एकच असते. मी कंपॅरेटिव्ह, म्हणजे दरांचा तुलनात्मक तक्ता, बनवतो आणि खाली सही करतो. मला त्यातला एक रुपया मिळत नाही. चर्चच्या क्वायरमध्ये आहे, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, चर्चला नियमित देतो. पाळकसाहेबांनी शिष्यत्वावर संदेश दिला तेव्हापासून सही करताना हात थबकतो. बायको म्हणते सगळीकडे असंच चालतं, फ्लॅटचा हप्ता 34 हजार आहे, गप्प बस. प्रार्थना ग्रुपमधला मित्र म्हणतो तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने आहे, कर्माने नाही, कशाला टेन्शन घेतोस. काय करू?

उत्तर : बाळा, सलाम. "मला त्यातला एक रुपया मिळत नाही" इथे मी वाचताना थांबलो, कारण हेच वाक्य मी स्वतःला अकरा महिने सांगत होतो. वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात स्टोअरला होतो तेव्हा. सळईचा ट्रक यायचा, वजनकाट्याची पावती ड्रायव्हरच घेऊन यायचा, माल उतरताना नुसत्या डोळ्याला कळायचं की कमी आहे, आणि मी चलनावर 'माल मिळाला' शिक्का मारून सही ठोकायचो. पैसा घेतला नाही कधी. पण दिवाळीला काजूकतलीचा डबा यायचा आणि घरी मुलं त्याची वाट बघायची.

आता मित्राचं. तारण कृपेने आहे हे शंभर टक्के खरं, त्यावर माझा वाद नाही. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रातलं दुसऱ्या अध्यायातलं 8 आणि 9 वचन तो सांगतोय, त्याला म्हणावं पुढचं 10 पण वाच, तिथे लिहिलंय की आपल्याला सत्कृत्यांसाठीच घडवलंय. आणि बायबलमधल्या जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराचं बघ. येशू आधी त्याच्या घरी गेला, कुठलीही अट न घालता, अख्खं गाव कुरकुरत असताना, आणि मग जक्कय उठून उभा राहिला आणि म्हणाला अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. हिशेब कुणी मागितला नव्हता रे त्याच्याकडे. कृपा घरात आली आणि वह्या आपोआप बाहेर निघाल्या. तुझा हात थबकतोय ना, ती कृपाच आहे, तिला टेन्शन म्हणू नकोस.

पण म्हणून उद्या राजीनामा टाकू नकोस. कधी ठाण्याला तलावपाळीवर आलास तर सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये थोडा वेळ जाऊन बस. ज्याच्या नावाचं ते चर्च आहे तो बाप्तिस्मा करणारा योहान, अरण्यात टोळ आणि रानमध खाऊन राहणारा कडक माणूस, त्याच्याकडे जकातदार आले आणि विचारलं आम्ही काय करावं. आपल्याला वाटतं तो म्हणेल सोडा ती घाणेरडी नोकरी. तो म्हणाला, ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका, बस. शिपाई आले, त्यांना म्हणाला कुणाला धाकदपटशा करू नका, खोटा आरोप करू नका, पगारात समाधानी राहा. लूकच्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायात आहे. म्हणजे त्याच टेबलावर बसून, पण खोट्याला हात न लावता. मला विचारशील तर राजीनामा देणं त्यापेक्षा सोपं.

याच ठाण्यात 1321 साली चार फ्रान्सिस्कन साधू श्रद्धेपायी मारले गेले, तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती. लहानपणी संडेस्कूलला हे ऐकलं आणि कितीतरी वर्षं मला वाटायचं शिष्य म्हणजे असे, जीव देणारे, आपल्याकडे तर कुणी जीव मागत नाही मग आपण सुटलो. माझ्याकडे मागितला होता फक्त एक रबरी शिक्का, तो पण दुपारी चार वाजता, चहा यायच्या वेळेला. वधस्तंभ उचलून मागे ये हे वचन मत्तयात आहे, मार्कात आहे, पण लूकच्या नवव्या अध्यायात 23 व्या वचनात त्यात 'दररोज' हा शब्द आहे, आणि मला तो शब्द फार उशिरा दिसला.

आता प्रत्यक्ष कर काय ते सांगतो. पहिल्यांदा बायकोजवळ बस, वही पेन घेऊन. ती तुझ्या विश्वासाच्या आड येत नाहीये, ती घराचा हिशेब करतेय आणि हिशेब करायला येशूनेच सांगितलंय, बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्च मांडा म्हणाला, नाहीतर पाया घालून काम अडेल आणि लोक हसतील. तुमच्या नवी मुंबईत अर्धवट उभ्या बिल्डिंगी काय कमी बघितल्यास. नोकरी गेली तर किती महिने हप्ता निघेल, काय बंद करता येईल, कोण मदत करेल, सगळं लिहा. मग पुढच्या खरेदीला खऱ्या दोन पार्ट्यांना स्वतः फोन लाव, खरी कोटेशन मागव आणि तीच कंपॅरेटिव्हमध्ये टाक. साहेबांनी तरी त्यांच्याच पार्टीला ऑर्डर दिली तर तो निर्णय त्यांचा, सहीही त्यांची. त्यांनी तुला जुन्या पद्धतीने कर म्हटलं तर केबिनमध्ये शांतपणे सांग, साहेब, ज्या पार्टीशी मी बोललो नाही तिचं नाव मी घालणार नाही. एवढंच. मी ख्रिस्ती आहे म्हणून, असं मात्र बोलू नकोस, तुझ्याच ऑफिसात चर्चची पायरी न चढलेली सरळ माणसं असतील, त्यांचा तो अपमान होतो. आणि मागच्या सह्यांबद्दल उद्या ऑडिटने विचारलं तर खोटं बोलू नकोस, हे सगळ्यात जड जाईल, माहीत आहे मला.

माझं काय झालं ते पण लपवत नाही. सही नाकारली, महिन्याभरात स्टोअरमधून गेटवर नाइटला टाकलं, ओव्हरटाइम बंद, दोन वर्षं. शाळेच्या फीसाठी हिने पाटल्या मोडल्या. चर्चमध्ये साक्ष देताना लोक सांगतात देवाने दुप्पट दिलं, मी नाही तसं सांगू शकत, पाटल्या परत आल्या नाहीत. पण चर्चच्या मंडळीतले दोघे जण, त्यांना मी आधी सांगून ठेवलं होतं, ते दर महिन्याला काही न बोलता रेशन आणून ठेवायचे. म्हणून म्हणतो, क्वायरमधल्या दोघांना आजच सांग, एकट्याने हे उचलायला जाऊ नकोस.

प्रश्न : मुलगा दहावीला आहे, खारघरला क्लासची टेस्ट नेमकी रविवारी सकाळी असते. त्याला नाश्ता, डबा, सोडणं यात माझीही चर्चची उपासना बुडते. वर्षभराचाच प्रश्न आहे, चालेल ना?

उत्तर : ताई, आधी क्लासवाल्या सरांना एकदा विचारा शनिवारी संध्याकाळी पेपर देता येईल का. बरेच पालक न विचारताच ठरवून टाकतात. नाहीच जमलं तर रोजच्यापेक्षा अर्धा तास लवकर उठा. रविवारची सुट्टी कॉन्स्टंटाइन बादशहाने 321 साली दिली, त्याआधी जवळजवळ तीनशे वर्षं रविवार हा कामाचाच दिवस होता. तेव्हाचे ख्रिस्ती पहाटे उजाडायच्या आत जमून स्तुतिगीतं गायचे, साधारण 112 साली प्लिनी नावाच्या रोमन सुभेदाराने सम्राटाला पाठवलेल्या पत्रात तसं लिहून ठेवलंय. त्यातले कितीतरी गुलाम होते. तुम्ही सगळे मिळून साडेसहाला एक गीत, एक अध्याय, प्रार्थना करा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. मुलाचं दृढीकरण, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी, झालं असेल तर त्यालाही विचारा त्याला काय वाटतं, पंधरा वर्षांचा आहे तो.

आणि तुमची उपासना मात्र क्लासमुळे बुडत नाहीये. त्याला गेटपाशी सोडा, डबा हातात द्या, आणि तशाच पुढे चर्चला जा. पहिलं गीत चुकेल, चुकू दे.