जामीनदार म्हणून सही करू की नको?

प्रश्न : ताई, मी नगरपालिकेत क्लार्क आहे. गेल्या वर्षी बाबा आयसीयूत होते तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या दादांनी माझं सगळं काम न सांगता ओढलं, साहेबांपर्यंत काही जाऊ दिलं नाही. आता ते पतसंस्थेतून पाच लाखांचं कर्ज काढतायत आणि मला जामीन राहा म्हणतायत. त्यांची आधीची दोन लोन चालू आहेत. मला स्वतःला फ्लॅटसाठी लोन घ्यायचंय. नाही म्हटलं तर मी स्वार्थी का? ऑफिसमध्ये तसंच बोलतायत.

उत्तर : नाही, अजिबात नाही, आणि हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. पतसंस्थेच्या फॉर्मवरची सही म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी असं सांगून फॉर्म पुढे सरकवतात, पण भारतीय करार कायदा १८७२ चं कलम १२८ बघा, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, म्हणजे हप्ते थकले की संस्था आधी त्यांच्यामागे लागेल आणि मग तुमच्याकडे येईल असं काही नसतं, थेट तुमच्याकडे येऊ शकते. दोन जामीनदार म्हणजे अर्धं-अर्धं असंही नाही, पूर्ण रक्कम एकाकडेही मागता येते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला (म्हणजे थकबाकी वसूल करायचा आदेश) निघाला तर त्यात जामीनदारही येतात. तुम्ही भरलेले पैसे करार कायद्याच्याच कलम १४५ ने दादांकडून मागता येतात खरं, पण ज्यांच्याकडे हप्त्याला नव्हते ते तुम्हाला कुठून देणार? आणि तुम्ही फ्लॅटसाठी बँकेत जाल तेव्हा कुणाला जामीन आहात का हे तिथे विचारतात.

त्यांनी केलेली मदत खरीच मोठी आहे. पण त्यांनी तुमच्यासाठी त्यांचा वेळ दिला, त्यांचा पुढचा दहा वर्षांचा पगार नाही. स्वार्थी म्हणणाऱ्यांपैकी कुणी सही करायला पुढे आलंय का तेही बघा.

मला खरी काळजी दादांची वाटते. दोन लोन चालू असताना तिसरं काढायला लागतंय म्हणजे घरी काहीतरी बिनसलंय, दवाखाना, मुलाची फी, सावकार, काहीही असेल. ते विचारा ना. डबा खाताना सगळ्यांसमोर नको, बाजूला घेऊन. पीएफमधून अॅडव्हान्स मिळतो का, दोन्ही जुनी कर्जं एकत्र करून हप्ता कमी होतो का हे त्यांच्यासोबत बसून बघा, आणि परत नाही आले तरी चालतील एवढेच पैसे हातात द्या, ते दहा हजार असले तरी द्या.

नकार देताना "घरचे नको म्हणतात" असं सांगू नका, मग ते तुमच्या मिस्टरांना फोन करतील आणि विषय वाढत जाईल. "दादा, मला घराचं लोन घ्यायचंय, मी जामीन राहू शकत नाही" एवढं सरळ सांगा. काही दिवस ते नीट बोलणार नाहीत, नाही बोलले तर नाही, त्यांच्या रजेत त्यांचं टेबल मात्र तुम्ही सांभाळा.

आणि सही आधीच करून बसला असाल तर कर्जाचे पैसे त्यांच्या खात्यात जायच्या आत पतसंस्थेत लेखी अर्ज देऊन नाव मागे घ्या, पोच घ्यायला विसरू नका. एकदा पैसे गेले की नुसतं तुम्ही म्हटल्याने त्यातून सुटता येत नाही.