आईच्या वतीने मुलीला तक्रार करता येते का?

प्रश्न: माझी 74 वर्षांची विधवा आई सातारा जिल्ह्यात भावाकडे राहते. तिच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे एटीएम कार्ड भावाकडे असते, रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर मिळत नाहीत, आणि गेल्या महिन्यात त्याने तिच्यावर हात उचलला. 2021 मध्ये तिने राहते घर बक्षीसपत्राने त्याच्या नावे केले आहे. ‘पोराची अब्रू जाईल’ म्हणून ती तक्रार करत नाही. मी पुण्यात राहते. मला काय करता येईल?

उत्तर: आपल्या पत्रात घराबद्दल बरेच लिहिलेले आहे, तरीही प्रथम आईच्या सुरक्षिततेचा विचार करावा, असा माझा आग्रह आहे. पुन्हा मारहाण झाल्यास 112 वर कळवावे. एरवी 14567 या ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर सर्व हकिकत सांगावी.

आईच्या लेखी संमतीवाचून आपल्याला काहीच करता येणार नाही, हा समज बरोबर नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 हा केवळ सुनेसाठी आहे असे अनेकांना वाटते, परंतु मुलाकडून छळ होणाऱ्या आईलाही त्याचा आधार घेता येतो, आणि तिचे पैसे काढून घेणे हा त्यात आर्थिक छळ ठरतो. या कायद्याच्या कलम 4 नुसार असा छळ होत असल्याचे सकारण वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यास (म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्यास) माहिती देऊ शकते, व सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. तेव्हा त्या भागातील संरक्षण अधिकाऱ्याकडे तारीखवार लेखी माहिती द्यावी आणि तिची पोच घ्यावी. अर्थात पुढे दंडाधिकाऱ्यांसमोर आईने स्वतः सांगितलेलेच निर्णायक ठरेल. म्हणून भावाच्या गैरहजेरीत तिच्याशी निवांत बोलणे आवश्यक आहे. मुलाला तुरुंगात न पाठवताही संरक्षणाचा आदेश मिळतो, हे कळल्यावर अनेक आया तयार होतात, असा माझा अनुभव आहे.

आई तयार झाली, तर ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. तो करण्यास ती असमर्थ असल्यास तिने प्राधिकृत केलेल्या व्यक्तीला तो करता येतो. शिवाय न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. दरमहा जास्तीत जास्त 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्चाचा आदेश होऊ शकतो. याच कायद्याच्या कलम 24 मध्ये तीन महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा आहे खरी, परंतु ती ज्येष्ठास पूर्णपणे टाकून देण्याच्या हेतूने कोठेतरी सोडून जाणाऱ्यासाठी आहे. घरात ठेवून केलेली हेळसांड त्यात बसवणे कठीण आहे.

बक्षीसपत्राची प्रत मात्र मला पाहावी लागेल. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास, 2007 च्याच कायद्याच्या कलम 23 नुसार परत मिळू शकते. अशी अट सिद्ध व्हावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितले, तर जानेवारी 2025 च्या निकालात या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे लावण्यावर भर दिला. त्यामुळे दस्ताबरोबर त्या वेळी लिहून घेतलेली वचनचिठ्ठी असल्यास तीही शोधावी.

कार्डाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. आईच्या सहीचा अर्ज बँकेत देऊन जुने कार्ड बंद करता येते, आणि सत्तरी ओलांडलेल्या ग्राहकांसाठी घरपोच सेवेची सोय असल्याने बँकेकडे तिची विचारणा करावी.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. निर्वाहाची जबाबदारी मुलीवरही असते, आणि आपल्या भावाला आपल्यालाही निर्वाहखर्चाच्या अर्जात सामील करण्याची मागणी करता येते.