जुन्या लॅपटॉपवर फर्स्ट पर्सन डंजन क्रॉलर (पात्राच्या नजरेतून भुयारं पालथी घालायचा गेम) खेळायचाय, लोकलमध्येही जमेल असा. कोणता घेऊ?

डोळे झाकून ‘लेजंड ऑफ ग्रिमरॉक’ घ्या. २०१२ चा गेम, फिनलंडच्या छोट्या टीमने केलेला, त्यामुळे जुन्या मशीनवरही सहसा चालून जातो. चार कैद्यांना डोंगराच्या पोटातल्या तुरुंगात ढकलून देतात आणि एकेक मजला उतरत जायचं. चालणं बुद्धिबळाच्या पटासारखं चौकोनाचौकोनाने, पण मारामारी रिअल टाइम. राक्षस तुमच्या पाळीची वाट बघत नाही! समोर उभं राहून वार करत बसलात तर मेलात. वार करा, लगेच बाजूच्या घरात सरका. मंत्रसुद्धा घाईघाईत रून्स (मंत्रांची चिन्हं) दाबून टाकावे लागतात. मशाली विझतात, पोरं उपाशी राहतात, तेव्हा खाणं जपून वापरा.

खरी मजा कोड्यांची. भिंतीवरचं बारीक बटण दिसेपर्यंत तासभर जातो. ‘ओल्ड स्कूल’ मोड निवडलात तर ऑटोमॅप (आपोआप बनणारा नकाशा) बंद, मग आलेखवही घेऊन नकाशा स्वतः काढायचा. मी तोच सुचवेन.

लोकलचं म्हणाल तर आयपॅडवर २०१५ मध्ये आलाय, पण सकाळच्या कल्याण फास्टमध्ये आयपॅड उघडायला आधी कोपर हलवायला जागा हवी. रात्री घरीच खेळा, हेडफोन लावून.