पाण्याखाली बोटीचा आवाज कुठल्या बाजूने येतोय हे का कळत नाही?

तुम्ही लिहिलंय की तारकर्लीला पहिल्यांदा स्कूबा केलंत, खाली बोट डोक्यातच वाजतेय असं वाटलं, आणि वर आल्यावर बोटवाला म्हणाला, 'पाण्यात आवाज लांबून येतो, बोट आली तर आधीच कळतं.' त्याचं पहिलं अर्धं वाक्य बरोबर आहे. दुसऱ्यावरून मालवणच्या जेटीवर माझी अनेकांशी वाजली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुमचा प्रश्न. २८ अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४८ मीटर जातो, तेवढ्याच गरम समुद्रात सुमारे १५४०. बाजूने आलेला आवाज एका कानानंतर दुसऱ्या कानाला पोचायला हवेत ०.६५ मिलिसेकंदाच्या आसपास लागतात, पाण्यात जेमतेम ०.१५. मेंदू याच फरकावरून दिशा काढतो आणि तो सगळा हिशोब हवेवर बसलेला. शिवाय हवेत डोकं आवाज अडवतं, त्यामुळे पलीकडच्या कानाला तो कमी येतो. पाण्यात हाडामांसाचं डोकं ध्वनीला फारसं आडवं येत नाही. आवाज कवटीतून थेट दोन्ही आतल्या कानांना मिळतो. कान तपासायला डॉक्टरकडे जाऊ नका, सगळ्यांचं असंच होतं.

आता 'आधीच कळतं'. लहान होडीचा पंखा पाण्याच्या पृष्ठभागापासून अर्धा-पाऊण मीटर खाली फिरतो. त्याचा आवाज दोन वाटांनी तुमच्यापर्यंत येतो: एक सरळ, दुसरा पृष्ठभागावर आपटून, उलटा होऊन. तुम्हीही वरच तरंगत असाल तर दोन्ही जवळजवळ एकाच वेळी येतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. घुमणारा, खालच्या पट्टीचा आवाज तर सर्वात आधी मरतो. उथळ पाण्यात तो तसाही लांब जात नाही: १० मीटर खोली आणि वाळूचा तळ असेल तर साधारण १०० हर्ट्झखालचं फार पुढे टिकत नाही. म्हणजे ८ मीटर खाली असलेल्याला होडी चांगली ऐकू येते आणि वर स्नॉर्केल लावून तरंगणाऱ्याला कमी. पंखा लागायची भीती मात्र त्यालाच जास्त! होडी सरळ अंगावर येत असेल तर पंख्याचा आवाज तिच्याच बुडाआड दबतो, ते वेगळंच. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांत चिमुकल्या कोळंब्या नांगी मिटून बुडबुडे फोडतात, ती पापड तळल्यासारखी तडतड आणि स्वतःच्या रेग्युलेटरचे (टाकीतली हवा देणारा तोंडातला तुकडा) बुडबुडे यांत उरलेलंही बुडतं.

इंजिन न्यूट्रलला असलं तरी त्याची थरथर बुडातून पाण्यात उतरतेच. आवाज ऐकून पंखा फिरतोय की थांबलाय हे खालून ठरवू नका.

आणि वरून हाका मारणं बंद करा. हवेतून पाण्यात आवाजाची हजारातली एखादीच ऊर्जा उतरते. माणसं परत बोलवायची तर दीड मीटरचा लोखंडी पाइप घ्या, निदान मीटरभर पाण्यात सोडा आणि वरच्या टोकावर हातोडीने तीन ठोके द्या. दहा-पंधरा सेकंद थांबून पुन्हा तीन. ही फट हवीच, कारण खालचा माणूस श्वास सोडत असेल तर पहिली फेरी त्याला ऐकूच येत नाही. पाइप मुठीत आवळून धरला की नाद मरतो, दोरीला टांगा. फायबरच्या बुडावर ठोकलं तर नुसता धप्प आवाज होतो. खुणेचा अर्थ उतरण्याआधी ठरवून घ्या, नाहीतर कुणाला वाटेल बोटीवर दुरुस्ती चाललीय.

माझं म्हणणं एवढंच आहे की होडीवर डायव्हिंगचा झेंडा (लाल, त्यावर तिरपा पांढरा पट्टा, किंवा निळा-पांढरा) आणि प्रत्येक गटामागे पृष्ठभागावर दिसणारा बोया (तरंगती खूण) असल्याशिवाय पाण्यात उतरू नका. माणसं वर येईपर्यंत होडीवाल्याने इंजिन बंद ठेवायचं, न्यूट्रल नव्हे. 'गिऱ्हाईक घाबरतं, झेंडा कशाला' म्हणणाऱ्याला वर लिहिलेलं वाचून दाखवा. स्वतः वर येताना ५ मीटरवर थांबून बोया सोडा, हळूहळू एक पूर्ण गिरकी घेत वर बघा, एक हात डोक्यावर ठेवून निघा. इंजिन जवळ वाटलं आणि टाकीत हवा असली तर तिथेच थांबा. पहिल्याच डाइव्हला हे सगळं तुमचा इन्स्ट्रक्टर करतो, तुम्ही फक्त त्याचा हात सोडू नका.

एक-दोन गोष्टी राहिल्या. सरावाने दिशा थोडीफार कळू लागते, अगदीच शून्य नसते. हुड (डोक्यावरची रबरी टोपी) घातला तर त्याच्या रबरातल्या हवेने ऐकू येणं आणखी कमी होतं, पण आपल्याकडच्या गरम पाण्यात तो क्वचितच लागतो. आणि आवाज नीट ऐकायला म्हणून खाली श्वास रोखून धरू नका. तसेच वर सरकलात तर फुप्फुस फाटू शकतं.